अंदमानला जाताना काय आधी ठरवावे?

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापुरातून अंदमानला जाणारे बरेच जण एक तर सगळे बुकिंग आधीच करून मोकळे होतात, नाहीतर ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणतात. दोन्हीत फसगत होते.

विमान तिकीट दोन-तीन महिने आधी काढावे. कोल्हापूरहून थेट विमान नसल्याने मध्ये बदलावे लागते; दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली आणि पहिले विमान लेट झाले, तर दुसरे तिकीट वाया जाते. त्यापाठोपाठ श्रीविजयपुरम (पोर्ट ब्लेअर) ते स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) या बोटींचे नक्की करावे. गर्दीत सकाळच्या फेऱ्या आधी भरतात. हॉटेल बोटीनंतरच ठरवावे, आणि तेही तारीख बदलता येईल असे. बोटीवर मूळ ओळखपत्र लागते, हे विसरू नये.

स्कूबा (श्वसनाची टाकी लावून समुद्रात डुबकी), स्कूटर, रिक्षा यांचे पैसे मात्र इथूनच भरू नयेत. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते. म्हणूनच परतीच्या विमानाच्या आदली रात्र श्रीविजयपुरमलाच काढावी. त्याच दिवशी हॅवलॉकहून बोटीने येऊन विमान गाठणे म्हणजे जुगारच. स्कूबानंतरही किमान 18 तास विमानप्रवास टाळायचा असतो, त्यामुळे स्कूबा शेवटच्या दिवशी नकोच. आणि डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर दुपारीच पोहोचावे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर