विंडोज १० नंतर लिनक्स: आधी प्रिंटर तपासा

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद झाली. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. त्यामुळे पतसंस्थांतले आणि करसल्लागारांच्या कार्यालयांतले धडधाकट संगणक भंगारात काढण्यापेक्षा त्यांवर लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत कार्यप्रणाली टाका, असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्यच आहे. फक्त ‘कुठलेही टाका, सगळी सारखीच’ हे त्याला जोडलेले शेपूट महागात पडते.

उबुंटू, फेडोरा, मिंट अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या वाणांना डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रोची आधी मुदत बघावी, मग रूप. उबुंटू २४.०४ ही एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची, आवृत्ती असून तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. आकडा मोठा म्हणून २५.१० टाकली, तर जुलै २०२६ मध्ये पुन्हा तोच उद्योग, कारण मधल्या आवृत्त्यांचे आयुष्य नऊच महिन्यांचे. फेडोराचे साधारण तेरा. टेबलावरच्या संगणकांना मिंट २२ बरी. विंडोजची सवय असलेल्याला तिचा मेनू शोधावा लागत नाही. सर्व्हरला डेबियन किंवा अल्मालिनक्स. अर्थात छापील मुदतही मोडते. सेंटओएस ८ २०२९ पर्यंत चालणार म्हणून लोकांनी सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर २०२० मध्ये कळले की ती २०२१ अखेरच बंद होणार.

पण बहुतेक बदल फसतात ते प्रिंटरपाशी. आपल्याकडे अनेक टेबलांवर कॅननचा एलबीपी २९०० दिसतो. त्याची भाषा कॅननची स्वतःची, ‘कॅप्ट’ नावाची; त्यामुळे लिनक्सचा नेहमीचा ड्रायव्हर (यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम) त्याला चालत नाही आणि कंपनीचा जुना ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर बसवताना घाम निघतो. एचपीचे बरेच लेझरजेट चालतात, पण काहींना वेगळा प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) उतरवावा लागतो. म्हणून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता संगणक त्यावर सुरू करावा आणि प्रिंट, स्कॅन, वायफाय, डिजिटल सहीचे टोकन हे सगळे तिथेच करून पाहावे. टोकनसाठी लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, हे पुरवठादाराला आधीच विचारावे.

हिशेबाची टॅली विंडोजचीच. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनवर ती कधी चालते, कधी नाही. हिशेब अशा भरवशावर ठेवू नयेत. एक विंडोज ११ चा संगणक ठेवून बाकीच्यांनी रेमिना या दूरच्या संगणकाचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून त्यावर जावे, हा मार्ग सुचवला जातो. पण विंडोज प्रो एका वेळी एकालाच आत घेते. तिघांना एकदम काम करायचे तर विंडोज सर्व्हर आणि त्याचे परवाने आले, मग बचत कुठली? एक्सेलमधले मॅक्रोही (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लिबरऑफिस या लिनक्सवरच्या ऑफिस-संचामध्ये जसेच्या तसे चालतील असे धरू नये.

मराठीचे वेगळे. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्ट-प्रणालीत टाइप केलेल्या जुन्या फायली त्या फॉन्टशिवाय अगम्य चिन्हे दाखवतात. स्थलांतराआधीच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड लिनक्समध्ये असतोच. ‘दऱ्या’मधला ऱ्य शिफ्ट-जे, डी आणि मग य असा उमटतो, एवढे टायपिस्टला दाखवले की निम्म्या तक्रारी मिटतात.

आधी दोनच संगणक बदलून महिनाभर, एका मासिक ताळेबंदासकट, चालवावेत. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचे असेल तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे, नाहीतर तिचे विभाजन (डिस्कवरचा तिचा भाग) लिनक्समध्ये फक्त वाचता येते. महिना नीट गेला की क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने बाकीच्या संगणकांवर नक्कल उतरवावी. प्रत्येक नकलेचे होस्टनेम (संगणकाचे नाव), मशीन-आयडी (ओळखक्रमांक) आणि एसएसएच कळा (दूरून सुरक्षित जोडणीच्या) नव्याने तयार कराव्यात, नाहीतर काही ठिकाणी दोन संगणक एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मागतात. पंधरावीस संगणक असतील तर एकावर ॲप्ट-कॅशर-एनजी हा अपडेट साठवून इतरांना वाटणारा प्रोग्रॅम बसवावा. मग अपडेट इंटरनेटवरून एकदाच उतरते. आणि सर्वाधिकार असलेल्या (ॲडमिन) खात्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून संस्थेच्या तिजोरीत ठेवावा, देखभाल करणाऱ्याच्या मोबाइलमध्ये नको.

– एक वाचक, सांगली