जागा निवडायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच हवापाण्याच्या गप्पांवर येता. म्हणून लिहूनच पाठवते, आणि सगळ्यांसमोर. अलास्कात नव्यानं आलेली आपली मंडळी हल्ली आम्हाला विचारतात, मूस, म्हणजे इथलं प्रचंड हरीण, आणि अस्वलाच्या शिकारीला जायचं तर नेमकं कुठं? आम्हाला ते तुम्ही शिकवलंत. कसं शिकवलंत, तेही त्यांना कळू दे.

परवान्याचा प्रश्न तोवर सुटला होता. सलग 12 महिने इथं राहिलं की रहिवासी म्हणून परवाना मिळतो. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या अमेरिकन माणसाला ग्रिझली अस्वलासाठी गाइड किंवा इथला जवळचा नातेवाईक सोबत लागतो, परदेशी पाहुण्याला तर मूससाठीसुद्धा गाइड लागतो. आम्हाला त्यातलं काही नको होतं. उरली होती फक्त जागा. राज्याचे शिकारीसाठी 26 विभाग पाडलेत, आणि बहुतेकांत आपले दोन-तीन जिल्हे सहज मावतील. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही मूस कुठं जास्त आहेत, ते सांगत सुटलो होतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "पाडलेला मूस तिथून आणणार कसा?"

त्या प्रश्नापुढे आमची यादी भराभर आटत गेली. पहिला गेला डाल्टन हायवे. तुम्ही 1975 साली ज्या तेलाच्या पाइपलाइनच्या कामावर फेअरबँक्सला आलात, तिच्याच कडेनं उत्तरेला जाणारा रस्ता. गाडी थेट जाते, म्हणून आम्हाला तो सोपा वाटला होता. पण युकॉन नदीच्या पलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मैल बंदुकीनं शिकार करता येत नाही, तिथं फक्त धनुष्यबाण चालतो. म्हणजे रायफल घेऊन आधी पाच मैल दलदल तुडवायची, आणि मग मोठ्या नराचं सव्वादोनशे किलोपर्यंत भरणारं मांस पाठीवर घेऊन तेवढंच परत यायचं. कायद्यानं खाण्याजोगं सगळं मांस आणावंच लागतं, बरगड्यांचं आणि मानेचंसुद्धा. मांस राहिलं आणि शिंगं तेवढी पुढे आली, असं इथं चालत नाही. हा नियम मला फार आवडतो.

मग विमान. कुस्कोक्विम नदीच्या खोऱ्यात छोट्या विमानानं उतरायचं माझ्या नवऱ्याच्या मनात होतं. तुम्ही कागदावर हिशेब मांडलात: सुपर कब विमानात पायलटशिवाय एक माणूस आणि थोडं सामान, म्हणजे एका मूसच्या मांसासाठीच अनेक फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे. ढग उतरले की विमान येत नाही आणि मांस वाट बघत नाही. शिवाय उडालात त्या दिवशी शिकार बंद, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. पण काका, पैशांपेक्षा मला तुमचं दुसरं बोलणं लागलं. त्या नद्यांवरची गावं हिवाळाभर मूसवर जगतात, तिथं रस्ता नाही आणि दुकानातलं सगळं विमानानं येतं. "आपल्याला दुसरी जागा आहे, त्यांना नाही," असं म्हणून तुम्ही त्या खोऱ्यावर पेन्सिलीनं काट मारलीत. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी उरला तो विभाग 20अ, टॅनाना फ्लॅट्स, म्हणजे टॅनाना नदीकाठचा सपाट दलदलीचा भाग. फेअरबँक्सच्या दक्षिणेला, नदीच्या पलीकडे, रस्ता नाही, पण बोट जाते. मूस भरपूर, काळी अस्वलंही. बरीच जमीन लष्कराची असल्यानं त्यांची परवानगी आधी काढायला तुम्हीच लावलंत. कॉलेज रोडवरच्या वन्यजीव खात्याच्या कार्यालयातही तुम्हीच पाठवलंत, आणि काय विचारायचं तेही सांगितलंत: मागच्या हंगामात तिथं शिकारी किती होते, माद्यांमागे नर किती उरलेत, पाणी सप्टेंबरात किती उतरतं.

आणि तांदळाच्या पिशव्या! जुलैत तुम्ही आम्हाला त्या नदीच्या फाट्यावर नेलंत, पाठीवरच्या फ्रेमला बासमतीच्या पिशव्या बांधल्यात, मूसच्या एका मागच्या मांडीएवढं वजन होईपर्यंत, आणि काठापासून आत चालायला लावलंत. गवताचे ते डुलणारे गड्डे, मध्ये गुडघाभर काळं पाणी, पाय टाकला की गड्डा एका अंगाला कलतो आणि वजन दुसऱ्या. तुम्ही मागून बांबूला लाल फीत बांधत येत होतात. माझे पाय लटपटले तिथं तुम्ही फीत बांधलीत आणि म्हणालात, "हिच्यापलीकडचा नर दिसला तर फोटो काढायचा."

सप्टेंबरात फितीपलीकडे एक देखणा नर उभा होता. आम्ही खरंच फोटो काढला. आमचा नर नंतर फितीच्या अलीकडे आला, शिंगांचा विस्तार नियमातल्या 50 इंचांच्या वर असल्याची खात्री होईपर्यंत आम्ही बंदूक उचलली नाही. मांस तुम्ही सांगितलं तसं आतड्यांच्या ढिगापासून दूर, तंबूपासूनही दूर, लांबून दिसेल अशा जागी टांगलं, म्हणजे रात्री अस्वल आलं तर सकाळी आपण त्याच्या अंगावर जाऊन पडायला नको. सगळं मांस थंड आणि कोरडं घरी आलं.

काळं अस्वलही त्याच फाट्यावर मिळालं. त्याच्या मांसाबद्दल काकूंचेही आभार. उत्तरेकडच्या अस्वलांतला ट्रायकिनेला हा कृमी फ्रीजरमध्ये मरत नाही, मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला शिजायलाच हवं, हे सांगून त्या थांबल्या नाहीत. भाजक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण घेऊन कुकरपाशी स्वतः उभ्या राहिल्या.

बरगड्या आणि एक मागची मांडी तुमच्या नावानं वेगळी ठेवली आहे. नको म्हणू नका, गुडघा दुखतो म्हणून तुम्ही बोटीत बसत नाही, पण ती जागा तुमचीच होती. आणि एक विनंती. पुण्याचं एक जोडपं गेल्या वर्षी अँकरेजला आलंय, त्यांचे 12 महिने आता भरतील. त्यांना मी नकाशा घेऊन तुमच्याकडे यायला सांगितलंय. पुढच्या रविवारी घरी असाल ना?

तुमची,
फेअरबँक्सची पुतणी