कलमं वाटू नका, उत्पन्न वाटा

संपादक महोदय,

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजोबांनी लावलेल्या हापूसच्या बागा आता नातवंडांकडे आल्या आहेत. सातबारावर दहा-बारा नावं, त्यांतली निम्मी मुंबईत. घरातला वाद मिटवायला मग सर्रास एकच तोडगा निघतो: जमीन सामाईक ठेवायची आणि कलमं मोजून वाटून घ्यायची. वाद मिटतो, पण बाग तिथूनच उतरणीला लागते.

आधी फवारणीचं बघा. मोहर फुटताना एका भावाने आपली वीस कलमं फवारली आणि दुसरा पुढच्या रविवारी मुंबईहून येणार असला, तर मधल्या दिवसांत तुडतुडा न फवारलेल्या कलमांवर वाढतो आणि औषधाचा असर ओसरला की पहिल्याच्या बागेत परत शिरतो. त्याला पुन्हा पंप काढावा लागतो. फुलकिड्यांचंही तसंच. एकाच आवारातल्या मोहरावर एका वेळी, एकाच औषधाने फवारणी झाली तरच खर्च आटोक्यात राहतो.

याहून मोठं नुकसान छाटणी अडल्यामुळे होतं. जुन्या लागवडी 10 मीटर बाय 10 मीटरवर, हेक्टरी 100 कलमं अशा आहेत. चाळीस-पन्नास वर्षांत फांद्या एकमेकींत शिरतात, आत ऊन येत नाही, फळ फक्त शेंड्याला धरतं. तिथे ना फवारा पोचत ना झेला (फळ उतरवायची जाळीची काठी). यावर उपाय एकच, कलम वरून उतरवणं. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात उंचीचा वरचा तिसरा हिस्सा छाटावा आणि मधली सरळ वर गेलेली फांदी काढून आत ऊन घ्यावं. जाड फांदीला करवत लावताना आधी खालून चीर द्यावी, नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने साल सोलत खाली येते. कापलेल्या तोंडांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना चुना फासावा, म्हणजे उन्हाने साल तडकत नाही. भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, अशाच कलमांवर येतो, म्हणून पुढचे काही महिने बुंध्याशी भुसा पडतो का ते पाहत राहावं. दिसला तर तारेने अळी काढून, भोकात कीटकनाशकाचा बोळा घालून ते मातीने लिंपावं. नवे फुटवे झुपक्याने येतात. त्यांतले बाहेरच्या अंगाचे तीन-चार जोमदार ठेवून बाकीचे काढावेत.

अशा कलमाला पहिली दोन वर्षं फळ जवळजवळ नसतं. वाट्याला वीसच कलमं आली असतील तर कोण आपलं उत्पन्न दोन वर्षं बंद करील? म्हणून कोणीच छाटत नाही. बाग एकत्र असेल तर शंभरातली वीस दरवर्षी उतरवता येतात, पाच वर्षांत फेरा पुरा होतो आणि कोणाच्याच घरचं उत्पन्न थांबत नाही.

कलमं वाटली की दुसरी वाट फुटते ती कराराची. गावात राहायला कोणी नाही म्हणून एक-दोन हंगामांसाठी बाग दिली जाते. घेणाऱ्याला एवढ्याच मुदतीत पैसे काढायचे असतात आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे कल्टार, पालवीची वाढ रोखून मोहर आणणारं औषध. त्याची मात्रा ठरलेली आहे. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी काढायची आणि दर मीटरला 3 मिली धरायचे. 8 मीटर विस्ताराला 24 मिली. हे 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळून, बुंध्यापासून विस्ताराच्या निम्म्या अंतरावर 10-15 सेंमी खोल अशा 25-30 भोकांत सारखं ओतायचं, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान. कराराच्या बागेत हे मोजमाप कोणी करत नाही; बुंध्याशी अंदाजाने ओततात. त्या वर्षी मोहर भरघोस येतो. पुढे पालवी आखूड येते, पानं झुपक्यात अडकतात, फांद्या वाळतात. औषध जमिनीत राहतं, आणि तोवर करार संपलेला असतो. बाग द्यायचीच असेल तर कल्टार कोण घालणार, किती आणि कोणासमक्ष, हे करारात लिहून घ्या. शेणखत आणि रासायनिक खत कोणाचं, तेही लिहा.

एकत्र बागेचा हिशेब अवघड नाही. आधी खर्च वजा. मग गावात राहून बाग बघणाऱ्याचा पगार, तोही हिश्श्याच्या वर. भावकीत नेमकं हेच टाळलं जातं, आणि राबणारा एक दिवस कंटाळून सोडतो. नंतर नांग्या भरायला (मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावायला) आणि छाटणीला, आमच्या मते, उरल्याचा दहावा भाग बाजूला. बाकीचं सातबाराच्या हिश्श्याने, बहिणींसकट. प्रत्येक कलमाला पत्र्याचा नंबर ठोकावा. वहीत कल्टारची तारीख, मात्रा, डझन, साका (आतून खराब झालेला गर) किती निघाला हे लिहावं. कुठलं कलम वर्षाआड धरतं हे आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. ते त्यांच्याकडून विचारून आधी वहीत उतरवा. खतं आणि कल्टारचा निर्णय मे महिन्यात चाकरमानी गावात असतानाच व्हावा, हिशेब आणि छाटायची कलमं गणपतीत ठरावीत. सामाईक क्षेत्राचा फळपीक विमा उतरवायला सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, त्याच्या सह्याही गणपतीतच घेऊन ठेवाव्यात. ऐनवेळी मुंबईहून कागद फिरत येईपर्यंत मुदत संपते.

आपले,
काही आंबा बागायतदार,
राजापूर तालुका