झोक्यावरचा फोटो

प्रिय सुलू,

तब्येत नेहमीसारखीच. रक्ततपासणी झाली, यकृत ठीक आहे, संधिवाताच्या गोळ्या त्याच. रविवारच्या मेथोट्रेक्सेटनंतरचा सोमवार लोळण्यात जातो, तो तसाच जातोय. आता ज्यासाठी लिहायला बसले ते ऐक. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी मलाच समजावत बसतील.

तुला पाठवलेला तो झोक्यावरचा फोटो आठवतोय ना? मान मागे, केस उडालेले, तोंडभर हसू. तो मी स्टेटसला ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता आलं नाही. बोटं टम्म सुजली होती, ब्रश दोन्ही तळव्यांत धरून दात घासले. तसं फोन करून कळवलं, तर पलीकडून उत्तर आलं, "काल झोक्यावर बसता येत होतं ना?"

बस, एवढंच. आवाज चढवून नाही, कदाचित टोमणा म्हणूनही नसेल. पण ते वाक्य डोक्यात ठाण मांडून बसलंय.

हो, काल येत होतं. काल येत होतं आणि आज येत नाही, हाच तर हा आजार आहे. रात्रभर आत दाह चढत जातो, पहाटे तो टोकाला असतो, म्हणून सकाळी हात उघडत नाहीत आणि दुपारी त्याच हातांनी मी कुलूप काढते. दुखणं झोक्यामुळे उठलं असंही नाही. कधी कशाने तरी उठतं, कधी कशानेच नाही. पण हे सगळं फोनवर कुणाला सांगत बसू, आणि रजा मागायला एवढं व्याख्यान का द्यायचं? मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

खरी काळजी त्यानंतरची आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी काहीतरी बोललं आणि मी खळखळून हसणार, तेवढ्यात फोनवरची तीच व्यक्ती दारातून आत आली. माझं हसू जागच्या जागी विरलं. चेहरा ओढला गेला. काठी त्या दिवशी लागतही नव्हती, ती टेबलाला अशी टेकवून ठेवली की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी. सुलू, मी आजारी दिसण्याची तयारी करत होते! आजार तर आहेच, वर त्याचा पुरावाही तोंडावर घेऊन फिरायचा? काठी घेतली की कीव, नाही घेतली की संशय. आणि या दोन्हींच्या मध्ये माझा आनंद चोरीच्या मालासारखा लपवून ठेवायचा?

तुला शाळेतली ती शर्यत आठवत असेलच. पहिली आलीस, आणि पुढच्या तासाला साखर उतरून घामाने निथळत बाकावर मान टाकलीस. शिंदेबाई म्हणाल्या, "पळताना बरं काही होत नाही हिला." पळाल्यामुळेच उतरली होती, पण ते त्यांना सांगायची प्राज्ञा कुणाची! विन्या पिशव्या उलट्यापालट्या करून साखर शोधत होता, आणि तू डोळेही न उघडता म्हणालीस, "पहिली आले ना पण." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आता ते वाक्य मला रोज लागतं.

मध्यंतरी एका अभ्यासाबद्दल वाचलं. १९९९ सालचा, आल्ब्रेख्त आणि डेव्हलिगर या दोघांचा. अपंगत्व असलेल्या १५३ जणांशी ते सविस्तर बोलले. त्यातले ५४.३ टक्के म्हणाले, आमचं आयुष्य चांगलं किंवा उत्तम चाललंय. या प्रकाराला त्यांनी 'अपंगत्वाचा विरोधाभास' म्हटलं, कारण बाहेरच्या माणसाला हे पटतच नाही. मला मात्र वाचताना पाठीवरून कुणी हात फिरवल्यासारखं झालं. उरलेल्यांचंही मला कळतं. दुखणं आणि थकवा एका मर्यादेपलीकडे गेला की चांगलं काही सुचत नाही, मार्चमध्ये मीही त्यांच्यातच होते. पण आत्ता मी पहिल्या गटात आहे, तर तसं दिसायला का घाबरू?

तुला माझी सकाळ सांगते. कोमट पाण्यात हात बुडवून बसते. आधी करंगळी हलते, मग तिच्या शेजारची. उजवा अंगठा सगळ्यात हट्टी. हळूहळू बोटं वळायला लागतात, आणि नऊ-साडेनऊला कधीतरी मूठ मिटते. पूर्ण मिटते, नखं तळव्याला टेकतात. त्या क्षणी मला जे वाटतं ना, त्यात धीर नाही, जिद्द नाही, आजारावर मात वगैरे तर मुळीच नाही. नुसता आनंद आहे. मग दिवसभर काय काय करता येईल ते डोळ्यांपुढे येतं: पेनाला जाड रबरी नळी चढवून हे पत्र, स्टँडवर ठेवलेलं पुस्तक, जमलं तर झोका. दुखणं तेव्हाही असतंच. दोन्ही एकाच वेळी असतात, आणि हे लोकांना का कळत नाही ते मला कळत नाही. "किती गं हसतमुख तू!" म्हणणाऱ्यांनाही नाहीच कळत. त्यांच्यासमोर मग कण्हायची चोरी.

तुला कळतं. म्हणून तर त्या जिन्यावर तू न विचारता माझी पिशवी ओढून घेतलीस, तेव्हा मी परतीच्या बसमध्ये चकार शब्द बोलले नाही. दुसऱ्या कुणी घेतली असती तर सोडून दिलं असतं. विचारायला हवं होतंस, आजही माझं तेच म्हणणं आहे. आणि "तुझी साखर मोजली का?" असं मी दर तासाला विचारते ते वेगळं, त्यावर वाद नको.

माधव म्हणतो, फोटो काढून टाक, उगाच डोक्याला ताप नको. काळजीनेच म्हणतो. मी काढलेला नाही. पण कालच अजून एक छान फोटो आलाय, पावसात भिजल्याचा, आणि तो ठेवायला हात धजत नाही. तूच सांग. "तुला वाटेल ते कर" असं उत्तर चालणार नाही.

तुझा नवा इन्सुलिनचा पंप कसा चाललाय? रात्री वाजून वाजून झोपमोड करतो का अजून? माईंना नमस्कार, त्यांचं डोळ्याचं झालं का ते कळव. बदलीचं पक्कं झालं की लगेच फोन कर, वाट बघत बसायला लावू नकोस. विन्या येणार असेल तर त्याच्याबरोबर माझी छत्री पाठव, दोन वर्षं तुझ्याकडे आहे.

बोटं आता पुरे म्हणतायत. फोटो या पत्रासोबतच पाठवतेय. नीट बघ आणि लवकर लिही.

तुझी,
नंदा