मोटार गेली म्हणण्याआधी मशीन उघडून तरी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्या परळच्या रिपेअरिंगच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर यायला लागतात आणि बहुतेकांचं एकच म्हणणं असतं, "दादा, मोटार गेलीय म्हणे, नवीन घ्या सांगितलंय." सांगणारा कधी सर्व्हिसचा माणूस असतो कधी शेजारी, पण मशीन उघडून कोणी बघितलेलंच नसतं. मला याचा खरंच राग येतो, कारण चांगली मशीन भंगारात जाते आणि साध्या नोकरदार घराचे पाच-सात हजार विनाकारण जातात.

आधी घरीच एक गोष्ट करून बघा. होज पाइप मशीनपासून काढा, मग मशीन चालू करा आणि पाइप बसतो त्या तोंडावर तळहात धरा. तिथे जोरात ओढतंय ना, मग मोटार ठीक आहे, अडकलंय ते पाइपमध्ये नाहीतर ब्रशमध्ये, किंवा पाइप कुठेतरी चिरलाय. परवा एका मावशींच्या पाइपमधून टिकल्यांचं पाकीट निघालं, त्याला केसांचा गुंता आणि त्यावर दाबून बसलेली रांगोळी. तोंडावरच ओढ नसेल तर प्लग काढून बॅग आणि फिल्टर बघायचे.

रांगोळी शक्यतो झाडूनेच काढा, ती दगडाची बारीक पूड, बॅगेच्या कापडात जाऊन बसते आणि बॅग अर्धी रिकामी असली तरी हवा जात नाही. पीओपी तर त्याहून वाईट. मुंबईत कुठल्याही बिल्डिंगमध्ये जा, एका तरी फ्लॅटचं काम चालूच असतं, लोक ती पांढरी धूळ घरच्या मशीनने ओढतात आणि मग फिल्टर नळाखाली धरतात, पाणी लागलं की पीओपी घट्ट होतं आणि फिल्टर कायमचा गेला. तो आधी कोरडाच झटकायचा. कागदी फिल्टर तर धुवायचाच नाही. धुता येणारा असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका, पावसाळ्यात आपल्याकडे एका दिवसात काही सुकत नाही, पंख्याखाली ठेवा.

चालता चालता मशीन गपकन बंद पडली की लोक घाबरतात. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटारीला थंड ठेवते, हवा अडली की मोटार तापते आणि आतला थर्मल कटआउट सप्लाय तोडतो, म्हणजे मोटार वाचते. अशा वेळी सारखं ऑन-ऑफ करू नका, प्लग काढून तासभर ठेवा, फिल्टर साफ करा, पुष्कळदा परत चालू होते. रबर जळल्यासारखा वास आला तर फिरत्या ब्रशचा बेल्ट बघा, केस गुंडाळून ब्रश अडकलेला असतो. आत मोठ्या ठिणग्या उडत असतील तर कार्बन, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे, झिजलेत, तो पार्ट मोटारीच्या मानाने अगदी स्वस्तात बदलून होतो. आणि सुक्या मशीनने पाणी ओढू नका, तिथे मात्र मोटार खरंच जाते, वर शॉकची भीती.

कंपन्यांनाही सांगायचंय, मॉडेल बंद झालं म्हणून बॅग आणि फिल्टर बंद करू नका हो, शंभर-दोनशेच्या फिल्टरसाठी गिऱ्हाईक लॅमिंग्टन रोडचा पार्टचा बाजार पालथा घालतं. सोबतचं पुस्तक मराठीतही द्या. केंद्राने 24 डिसेंबर 2022 ला राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण दुकानात येणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला ते माहीत असतं. सर्व्हिसवाल्यांनी टोलवलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

आणि मोटार बदलून घेतलीच तर जुनी मोटार मागून घ्या, खरंच जळली असेल तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, काळं पडलेलं दिसतं आणि नाकाजवळ धरली की वास येतो.

आपला,
एक रिपेअरवाला, परळ