ब्रेक कडक झाला, तर आधी नळ्या तपासा

महोदय,

जुन्या डिझेल गाडीचा ब्रेक कडक झाला की इंदुरातील काही गॅरेजांत थेट बूस्टर (व्हॅक्यूमच्या, म्हणजे निर्वाताच्या, जोरावर पेडलवरचा दाब वाढवणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळतो; तो घाईचा आहे. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा आयता व्हॅक्यूम मिळत नसल्याने तो वेगळ्या पंपाने, अनेक गाड्यांत अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मागे बसवलेल्या, तयार करावा लागतो, आणि दोष पुष्कळदा तडकलेल्या रबरी नळीत किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेत) निघतो. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे आणि दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही, तर बूस्टरकडे जाणाऱ्या नळीवर व्हॅक्यूम मोजणारा गेज लावून पाहावा. तेथे पाऱ्याचे २० इंच किंवा अधिक व्हॅक्यूम दिसल्यास पंपाला दोष देऊ नये. खर्च बहुधा नळीपुरताच (गॅरेजवाल्यांना हे फारसे रुचणार नाही!). मात्र दुरुस्तीपूर्वी अशी गाडी इंदूर-खंडवा रस्त्यावरील भेरूघाटात नेऊ नये.

— एक वाचक, इंदूर