अण्णांच्या सीडींची यादी

धुळे
चैत्र

प्रिय प्रकाश,

सप्रेम नमस्कार.

अण्णांनी उतरवून ठेवलेल्या अहिराणी गाण्यांच्या सीडींचा डबा तू माळ्यावरून खाली काढलास हे फार चांगलं केलंस. चोपड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली आणखी दोन-चार वर्षं राहिला असता, तर यादी करायला काही उरलं नसतं. घरी बर्न केलेल्या सीडीत माहिती असते ती रंगाच्या एका पातळ थरात, आणि ऊन-उष्णतेनं तो थर बिघडतो. आता त्या आतल्या खोलीत, कपाटात, उभ्या ठेव.

गाण्यांची नावं एकेक करून वहीत उतरवायला बसलोय, असं लिहिलंयस. ते आधी थांबव. कोणत्या सीडीवर काय आहे हे कॉम्प्युटरला ठाऊकच असतं, आपण फक्त ते कागदावर मागायचं. त्यासाठी नेटवरून कसलंही सॉफ्टवेअर उतरवू नकोस. फुकटच्या नावाखाली भलतंच काहीतरी घरात येतं. विंडोजमध्ये आहे तेवढं पुरतं.

सीडी घाल. ती ई ड्राइव्ह म्हणून दिसली असं धरू. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून एंटर मारलंस की काळी खिडकी उघडेल. तिथे हे लिही:

डीआयआर ई:\ /एस /ओएन > डी:\लिस्ट०१.टीएक्सटी

मी उच्चार लिहिलेत, तू अक्षरं आणि आकडे इंग्रजीच दाब. ‘एस’मुळे फोल्डरच्या आतले फोल्डरही उलगडतात. ‘ओएन’मुळे नावं अक्षरानुक्रमे लागतात. मधल्या कंसासारख्या खुणेमुळे जे पडद्यावर आलं असतं ते थेट फाइलमध्ये जातं, म्हणून पडद्यावर काहीच दिसलं नाही तर घाबरू नकोस. फाइल सीडीवरच ठेवायला जाऊ नकोस, तिथे लिहिता येत नाही. डी ड्राइव्ह नसेल तर पेनड्राइव्हचं अक्षर घाल. पुढच्या सीडीला ०२, तिच्या पुढच्या सीडीला ०३. तोच आकडा मार्करनं सीडीच्या आतल्या पारदर्शक कड्यावर लिहायचा, चमकत्या भागावर नाही. यादीत सगळ्यात वर सीडीचं नाव आणि सिरीयल नंबर आपोआप येतो, त्यामुळे उद्या डब्यात सरमिसळ झाली तरी कुठली यादी कुठल्या सीडीची हे ओळखता येईल.

अण्णांनी काही नावं मराठीत दिली असतील, तर ती यादीत नुसती प्रश्नचिन्हं होऊन येतील. त्यावर उपाय सोपा आहे. आधी सीएचसीपी, एक जागा सोडून ६५००१, एंटर. मग वरची आज्ञा. त्या काळ्या खिडकीत अक्षरं तुटकी दिसली तरी फाइलमध्ये ती नीट उतरतात. नोटपॅडमध्ये उघडून बघ.

एखाद्या सीडीत ट्रॅक०१, ट्रॅक०२ अशी नावं आणि शेवटी सीडीए असं दिसलं, तर ती गाणी नव्हेत. ती सीडी टेपसारखी वाजवायची, ऑडिओ पद्धतीची. तिथे विंडोज नुसत्या ४४ बाइटच्या पाट्या दाखवतं. त्या कॉपी केल्यास तर हाती काहीच लागणार नाही. अशा सीडी बाजूला काढ. त्या मीडिया प्लेयरमधून ‘रिप’ कराव्या लागतील, म्हणजे गाणी फाइली करून उतरवून घ्यावी लागतील, मगच यादीत घ्यायच्या.

आणि यादीत नाव आलं म्हणजे गाणं शाबूत आहे, असं समजू नकोस. ही आज्ञा फक्त सीडीची अनुक्रमणिका वाचते, आतलं गाणं उघडून बघत नाही. खरी परीक्षा म्हणजे अख्खी सीडी हार्ड डिस्कवर कॉपी करणं. जिथे अडकेल तिथे यादीत फुली.

हे झालं हिशेबापुरतं. कागदावर छापायची यादी मात्र वेगळी करावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती तुझ्यामाझ्यासाठी नाहीच. ती काकूंसाठी, तुझ्या दोन्ही आत्यांसाठी आणि अमळनेरच्या मामींसाठी आहे. अण्णांच्या फाइलींची नावं मी पूर्वी पाहिली आहेत: ‘रेक००७’, ‘बाई२’, ‘न्यू फोल्डर’. त्यावरून तुला काय कळणार? गाणं कानबाईच्या सणाचं आहे, गुलाबाईच्या सणाचं आहे की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणायचं, आवाज कुणाचा, कुठल्या गावच्या चालीत म्हटलंय, हे सांगणारी माणसं अजून आहेत, पण ती कॉम्प्युटरपुढे बसणार नाहीत. फाइलच्या तारखेवरही विसंबू नकोस. अण्णांनी कॅसेटवरून गाणं कॉम्प्युटरवर उतरवलं त्या दिवसाची ती असेल, गाणं म्हटलं त्या दिवसाची नव्हे.

तेव्हा कॉपी केलेला सगळा माल एका फोल्डरमध्ये ठेव आणि एक्सेलमध्ये जा. डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर. नाव, तारीख, कुठल्या फोल्डरात, सगळं रकान्यांत मांडून मिळतं. ॲट्रिब्यूट्सचा रकाना उलगडलास तर आकारही येतो. आकारानुसार लावून बघ. शेवटच्या बाइटपर्यंत सारख्या दोन फाइली बहुधा एकच गाणं असतात. अण्णा तेच गाणं दोन-तीनदा उतरवून ठेवायचे. तरी ऐकल्याशिवाय एकही पुसू नकोस.

छापताना मात्र तारीख, आकार, लांबलचक पत्ता हे सगळं लपव. अनुक्रमांक, सीडीचा आकडा, फाइलचं नाव आणि मग मोठा कोरा रकाना. अर्धं पान त्याला दे. अक्षर १४चं, ओळी ऐसपैस, पान आडवं. पेज लेआउटमधल्या प्रिंट टायटल्समध्ये पहिली ओळ नेमून दे, म्हणजे मथळा प्रत्येक पानावर येईल. खाली पान क्रमांक हवाच. पानं हातोहात फिरणार, क्रम बिघडणारच.

नावं सुधारायचा मोह आवर. आत्या ‘४१ नंबर’ समोर काहीतरी लिहितील आणि तोवर तू ४१ चं नाव बदललेलं असेल, तर सगळा घोळ. मूळ नाव यादीत तसंच राहू दे, नवं नाव शेजारच्या रकान्यात.

इथे राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदपत्रांची दप्तरं बघताना हेच जाणवत राहतं. ज्या रुमालाला, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला, यादी आहे तो उघडला जातो, बाकीचे नुसते बांधलेले असतात.

आखाजीला लेकी माहेरी येतातच, तुझ्या दोन्ही आत्याही चोपड्याला असतील. त्याआधी यादी तयार झाली तर स्पीकरवर एकेक गाणं लावायचं, पान पुढ्यात, पेन हातात. लिहायला कॉलेजातली कुणीतरी पोर बसव. तुझं अक्षर तुलाच वाचता येत नाही. अहिराणी शब्द जसा कानावर पडेल तसाच लिहायचा, पुस्तकी मराठी करायची नाही, हे तिला आधीच बजाव.

एक्सेलची फाइल मला पेनड्राइव्हवर पाठव. आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला लेझर प्रिंट देतो. इंकजेटची शाई घामाच्या हातांना फासते, म्हणून घरच्या प्रिंटरवर काढू नकोस. तीन प्रती काढतो, एक माझ्याकडे राहील. एसटीनं येणाऱ्या कुणाकडे तरी देऊन टाक, कुरियरची गरज नाही.

काकूंना नमस्कार सांग. कळण्याच्या पिठाचं विचारलं होतंस, ते हिनं दळून ठेवलंय. बाकी बठ्ठं बेस शे.

तुझा,
विलास